नकाशात न बसणारी रायण

मांडवगण फराटा,
१२ जून

तीर्थस्वरूप सोपानदादा यांस शंभूचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा बीपी आणि यवतच्या हायवेवरची रसवंती, तिघांची तब्येत बरी असावी. माझी बरी आहे (वजन उतरलंय, पण तो माझ्याच हातच्या स्वयंपाकाचा गुण). फोन केला असता, पण तुम्ही 'बोला' म्हणता आणि माझं बोलायचंच राहून जातं.

तर गेल्या आठवड्यात पुण्याहून नीलम नावाची पोरगी आली. लोक विसरलेली फळझाडं कुठं जगतील याचा अंदाज ती लॅपटॉपवर बांधते. पाऊस, ऊन, माती आत घातली की नकाशा रंगतो. हिरवं तिथं झाड येणार, लाल तिथं नाही. तिला वाटाड्या पाहिजे होता, सरपंचानं माझं नाव दिलं (गावात रिकामा मीच). त्यातल्या रायणीसाठी, म्हणजे खिरणीसाठी, सगळ्यात गर्द हिरवा ठिपका निघाला पाबळजवळ. जाऊन बघतो तर त्यावर मंगल कार्यालय! नीलम मांडवामागं खुरप्यानं माती उकरायला बसली, तर नवरीच्या मामानं आम्हाला मुलाकडचे समजून थेट पंगतीत नेलं. दुसऱ्या जिलबीला मुलाकडच्यांनीच विचारलं, तुम्ही कुणाकडचे? मी गडबडीत म्हणालो, "रायणीकडचे." मग ही रायणी कुठल्या गावाला दिलेली, यावर पंगतीत वाद लागला, तेवढ्यात आम्ही हात धुवून निसटलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या मळ्यात आलो. नकाशात मळा लालभडक. "काका, ही काळी, पाणी धरणारी जमीन. इथं रायण जगायची नाही," असं म्हणत नीलमनं मान वर केली, तर न्हाणीमागं रायण उभी, पिवळ्या फळांनी लगडलेली. कुणी लावली, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "मी." का म्हणालो, देव जाणे. तिनं फॉर्मवर माझं नाव लिहिलं आणि खड्डा किती खोल, आत काय घातलं, असं विचारू लागली. मला काय ठाऊक! सोळा वर्षांपूर्वी तुमच्या कुशानं पुरुषभर खड्डा खणून माळावरचा मुरूम पाटी-पाटीनं डोक्यावर आणून भरला, तेव्हा मी बांधावर बसून हसत होतो. शेवटी खरं सांगितलं. माझं नाव खोडून नीलम म्हणाली, "मग काकूंशीच बोलते. कुठं आहेत?"

दादा, माझ्या तोंडातून निघालं, "शेरडं घेऊन गेलीय. येईल इतक्यात."

पोरगी थांबली. मी चहा केला, परत केला. ती वाटेकडं बघायची, तिच्याबरोबर मीही बघायला लागलो. खोटं कशाला सांगू, तासभर मला तुमची बहीण येणारच असं वाटत होतं. उशीर झाला म्हणून मनात चिडलोसुद्धा. मग शेजारच्या गीताबाई ताक घेऊन आल्या. काकू कधी येतील, असं नीलमनं त्यांनाही विचारलं. गीताबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं.

"आगं पोरी, कुशाला जाऊन अकरा म्हैनं झालं की."

आता ही रागावणार, असं वाटलं. पण लॅपटॉप मिटून ती माझ्याशेजारी ओट्यावर बसली. तेव्हा मी रडलो. दहाव्याला माझ्या डोळ्यात टिपूस नव्हतं, म्हणून तुम्ही मला दगड म्हणालात आणि न जेवता गेलात. ते सगळं या परक्या पोरीपुढं आलं.

जाताना ती म्हणाली, एका झाडानं नकाशाचा रंग बदलत नाही, पण काकूंचं नाव लिहिलंय. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शंभू

ता. क. फळं पाठवत नाही. पोस्टात चिघळतात.

आणखी एक. वर तासभर लिहिलंय. दोन तास वाट बघितली.

शेवटचं. कुशाची लग्नातली पत्र्याची पेटी अजून उघडलेली नाही. किल्ली आहे, हात धजत नाही. वर्षश्राद्धाला माणसं जमतील, त्याच्या आधी एकदा तुम्ही एकटेच या. पेटी तुमच्या घरून आलेली. कुलूप तुम्ही काढा, झाकण मी धरतो.