पंचफुलाची झडप

मंगळवार, १० डिसेंबर १९७४

नववीला आज हृदय. लाल खडू संपला, निळ्यावर भागवलं. पोरींना हृदय म्हणजे काळीज, आणि काळीज म्हणजे खाटकाकडं मिळतं ते! ते यकृत असतं हे पटवण्यात अर्धा तास गेला.

मग एका ठोक्यात काय काय होतं ते सांगितलं. आधी वरचे दोन कप्पे आवळतात, रक्त खाली येतं. मग खालचे दोन जोरात आवळतात — उजवीकडचं रक्त फुप्फुसांत, डावीकडचं अंगभर. ते मागं फिरू नये म्हणून वाटेवर चार झडपा. 'लब-डब' हा आवाज रक्ताचा नाहीच, झडपा मिटल्याचा. आधी आतल्या मिटतात, लब. मग बाहेरच्या वाटेवरच्या, डब. त्यानंतर सगळं सैल पडतं आणि पुन्हा रक्त भरतं. सगळा फेरा आठ दशांश सेकंदाचा, त्यातला निम्मा वेळ विश्रांती. सगुणा मागून म्हणते, "मंजी ते बी आमच्यावानी निम्मा येळ झोपतंय!" हसू आवरलं नाही मला.

रॉकेलचं नरसाळं धुऊन त्याला रबरी नळी लावली. पोरींनी एकमेकींचे ठोके ऐकले. पंचफुलाच्या छातीला लावलं — मळेवाल्या मुंजाजींची थोरली लेक, सोळाची, वर्गात पहिली — तर सगुणा म्हणाली, "बाई, हिच्यात पानी वाजायलंय." मी ऐकलं. लब — श्श् — डब. दहा वेळा ऐकलं. सगुणाचं ऐकलं, माझं ऐकलं. आमच्यात मधला तो श्श् नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

शाळा सकाळची. सुटल्यावर पंचफुलाला घेऊन गावातल्या दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का? हो म्हणाली. आतली डावी झडप नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त मागं फिरतं, म्हणून घागर आणताना दम लागतो. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई, म्हणजे आणखी बिघडायचं नाही. पहिली आजच दिली.

उन्हाळ्यात तिचं लग्न आहे. पूर्णेचं स्थळ, मुलगा रेल्वेत खलाशी. "घरी मी येऊन सांगू का?" विचारलं. "मीच सांगते बाई," म्हणाली. शहाणी पोर.

बुधवार, १८ डिसेंबर

कपाळाला हात लावायची वेळ! पंचफुलाची आई, चतुराबाई, शाळेच्या फाटकाशी उभी राहून शंख करून गेली. "डाक्टर सोता म्हनला, पोरीला झडप हाय म्हून! कोनत्या झाडाखालून नेली हुती माझ्या लेकराला?" मला आधी कळेचना काय म्हणते ते. कळलं ते ती निघून गेल्यावर.

झडप! पुस्तक लिहिणाऱ्या पंडितांना दुसरा शब्द सापडला नाही. या बोरी गावात झडप एकच, भुताची. माझ्या वडिलांनी छप्पन सालापासून देवरुषाला दारात उभं केलं नाही. आणि त्यांच्याच लेकीनं, बी.एस्सी. होऊन, एका पोरीला भूत लावून दिलं!

शुक्रवार, २० डिसेंबर

गावभर झालं. आज रस्त्यात दोघी बाया माझ्या सावलीतून बाजूला झाल्या. सावली टाळलेली मला नवी नाही. कारण मात्र नवं.

रविवार, २९ डिसेंबर

पूर्णेहून निरोप आला, सोयरीक मोडली. मुलाचे वडील किशनराव म्हणाले म्हणे, "झडपलेली पोर आमाला नको."

माझ्या एका शब्दापायी पोरीचं लग्न मोडलं. आज जेवण गेलं नाही.

शनिवार, ४ जानेवारी १९७५

दुसरी सुई. आली बिचारी, चूं न करता घेतली. दंडावर लिंबाच्या फोकांचे वळ. दर मंगळवारी देवरुषी येतो आणि झोडपतो. "लय लागत न्हाई बाई," म्हणाली. ती रडली नाही. घरी येऊन मीच रडले, आणि मग देवरुषाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

रविवार, १२ जानेवारी

जिंकले!

चतुराबाई उंबऱ्याशी उभी करत नाही म्हणून थेट मळ्यात गेले. मुंजाजी विहिरीवर इंजनाशी झटत होते. इंजन चालू, पण पाणी चढेना. "फुटबॉल गळायलाय," म्हणाले. पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप असते, फूट व्हॉल्व्ह — इथं सगळे तिला फुटबॉल म्हणतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, "मुंजाजी, तुमच्या पोरीचं हेच झालंय." काळीज म्हणजे पंप. आवळलं की रक्त वर चढतं. आत फुटबॉल असतो, रक्त मागं येऊ देत नाही. तिचा जरासा गळतो.

मुंजाजींनी पान्हा खाली ठेवला.

"मंजी पोरीचा फुटबॉल गळायलाय?"

"तेवढंच."

"मग भूत?"

"भूत नाही!"

त्यांनी पागोट्याच्या पदरानं डोळे पुसले. "आन आमी लेकराला झोडपायलोत," म्हणाले. देवरुषी बंद. उद्याच पूर्णेला जाऊन किशनरावांना सगळं सांगणार.

पाणी दिलं त्यांनी, पण वरून ओंजळीत ओतलं. असो. आज त्याचाही राग आला नाही. चार वर्षं शिकवतेय, शिकवल्यासारखं आज वाटलं.

रविवार, १९ जानेवारी

किशनराव वळले! पण म्हणतात, बाईंच्या तोंडून ऐकतो आणि मग तारीख धरतो. दोन फेब्रुवारीला येणार. चतुराबाईनं तिळगूळ पाठवला, पहिल्यांदाच. पंचफुलाच घेऊन आली. तिला म्हटलं, बघ, जमवलं की नाही तुझं लग्न? खाली बघत उभी राहिली. लाजली असेल.

शनिवार, २५ जानेवारी

तिसरी सुई. परत येताना पोर ओढ्याच्या पुलावर थांबली. मला वाटलं दम लागला.

"बाई, किशनरावला तुमी काय सांगनार?"

म्हटलं, खरं ते सांगणार. भूतबीत काही नाही.

"नका सांगू."

मग म्हणाली, आईनं चुकीचं ऐकलेलं नाही. "मीच घरी म्हनले, डाक्टर म्हनला झडपलंय म्हून." "त्या दिवशी तुमी सुईचं औषीद आनायला भाईर गेल्ता. तवा मी डाक्टरला इचारलं, लगीन झाल्यावर काय? त्ये म्हनले, परभनीला मोठ्या डाक्टरला दाखवल्याबिगर लगीन करायचं न्हाई. पोटुशी राहिलीस तर काळजाला झेपायचं न्हाई, तू बी जाशील आन पोर बी."

"अगं, मग हेच घरी सांगायचं!"

"दुखन्याला कोन भितंय बाई? भुताला भितेत."

"आणि ते वळ?"

"तीनच मंगळवार झाले," म्हणाली. एवढंच.

माझ्या हृदयाच्या धड्यात एकच पोर पैकीच्या पैकी मिळवून गेली, आणि ती कुठं वापरली बघा! मी मात्र शब्दाला, गावाला, देवरुषाला शिव्या देत होते. पोरीचा जीव वाचवणारा तिचा सगळा डाव मीच उधळायला निघाले होते, तोही छाती पुढं काढून. लाज वाटते आहे.

सोमवार, २७ जानेवारी

डॉक्टरांना गाठलं. पोर बोलली ते शब्दन्शब्द खरं. "तिनं तुम्हाला सांगितलं नाही?" म्हणाले. चिठ्ठी घेतली परभणीच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाची.

मंगळवार, २८ जानेवारी

खोटं न बोलता काम व्हावं म्हणून मुंजाजींच्या घरी गेले. यावेळी ओसरीवर बसवलं, चहाही दिला. सगळं सरळ सांगितलं. लग्नाचं थांबा, आधी परभणीला दाखवा. बाळंतपणात पोर जाईल.

मुंजाजी म्हणाले, "फुटबॉल गळला तरी पानी चढतंच की बाई. जरा कमी चढतंय." माझाच पंप माझ्या गळ्यात!

चतुराबाई म्हणाली, "मला धा झाली, चार जगली. बाळंतपन कुनाला सोपं जातंय? भूत नव्हतं हेच लय झालं." आणि हळदीचं काय, वाजंत्री कुठले, सुरू झालं. पंचफुला दाराआडून माझ्याकडं बघत होती.

गुरुवार, ३० जानेवारी

भूत आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही. खोटं बोलणार नाही असं रोज सकाळी हात जोडून म्हणते. आणि खरं बोलले तर उन्हाळ्यात ती पूर्णेला, पुढच्या साली कुठं, देव जाणे — बघा, देवसुद्धा आला तोंडात!

रविवार, २ फेब्रुवारी

किशनराव आले. पांढरं धोतर, हातात तारीख काढायचं पंचांग. बसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमचा भुताखेतावर इश्वास न्हाई, म्हून तुमालाच इचारायलोय. मला काळीज, फुटबॉल, काय बी समजत न्हाई. येकच सांगा. पोरीला झडप हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हटलं. "एक नाही, चार आहेत."

चहा ठेवला होता. थांबले नाहीत.