उशीमागचा पेला

आत्या,

बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला धरमपेठला जातेय. काल त्यांनी मलाच विचारलं, "तू कोन वं?" तू म्हणालीस, "ऊन लागलं त्याले, पन्हं पाज." हे ऊन नाही. फुफ्फुसातल्या कॅन्सरमुळे अंगात पाणी साठतंय, रक्तातलं सोडियम उतरतंय. पाणी जास्त झालं तर फिट येईल, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. तरी सकाळी उशीमागे पेला सापडला, कैरीचा वास येणारा. बाबांना स्वतः उठता येत नाही, आणि घरात आपण दोघीच.

त्यांच्या वाटणीचं पाणी तांब्यात आहे. माठ उपडा घातलाय, फ्रिजची किल्ली माझ्याकडे आहे. तुला तहान लागली तर शेजारी प्रेमलताकाकूंकडे जाऊन पी. येताना मात्र रिकाम्या हातानं ये. त्यांना दारावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

चिन्मयी