झोळीचा गट

हुवेई,
२५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर. पाकीट आधी दिव्यासमोर धरून पाहिलं, मग उघडलं. आत फक्त 'हात कसा आहे?' एवढंच. म्हणजे बाकीचं काय ते तू पोटात ठेवलं आहेस. बाहुल्यांच्या खेळाची गाडी विकायचा विचार असेल तर सरळ सांग. वहिनीचे गुडघे कसे आहेत? फोन करत नाही, कारण तुला ऐकू येत नाही आणि तुला जे ऐकू येत नाही ते सगळं वहिनी ऐकते.

आणि माझा हात मोडला हे तिकडे काओश्युंगच्या बंदरावर बसून तुला कळलं कसं?

तर हात मोडला आहे. उजव्या दंडाचं हाड, खांद्याच्या अगदी खाली. भूमीदेवाच्या जन्मदिवसाचा खेळ होता, देवळासमोर गाडी लावून रंगमंच मांडला होता आणि मी मागच्या पायऱ्यांवरून पडले. पायरी ओली होती. मनगट आणि बोटं चालतात, म्हणून मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे.

तू बंदरावर गेलास, पण बाबांच्या पडद्यामागे तूही वाढलास. बाहुली हातात चढवून हात डोक्याच्या वर किती वेळ धरावा लागतो, हे तुला सांगायला नको. मंडळीचा पहिला हात, मुख्य बाहुल्या खेळवणारा, मी; दुसरा हात बाबांचा शिष्य आखुन. बाबाच तसं ठरवून गेले. खांद्याच्या वर न जाणाऱ्या हाताला पहिला हात कोण म्हणेल? सहाव्या चांद्र महिन्यात आपल्या बाहुलीवाल्यांच्या देवाचा जन्मदिवस आहे. आसपासच्या सगळ्या मंडळ्या येतील आणि आमच्या पडद्यामागे पहिला हात कुणाचा, तेच बघतील.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण आली, डॉक्टर योऊ. म्हणाली, "मावशी, अशा मोडलेल्या दंडाला दोन उपाय आहेत. कापून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे, नाहीतर गळ्यातल्या झोळीत हात ठेवून व्यायाम करायचा. तुमच्या वयाच्या माणसांना कोणता जास्त लाभतो, हे आम्हाला खात्रीने माहीत नाही. म्हणून हे संशोधन. तुम्ही यात आलात तर कोणता उपाय करायचा ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवेल."

मी म्हटलं, "देवळात लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून मी कौल मागते, तेव्हा समोर कोण बसलंय ते मला दिसतं. तुमच्या संगणकामागे कोण बसतं?"

ती हसली. "कुणीच नाही, मावशी. तीच तर गंमत आहे."

आखुन शेजारी उभा होता. "ताई, घे ना भाग. मोठे डॉक्टर सारखे बघायला येतील." मी सही केली. माझ्या चिठ्ठीत झोळी निघाली. शेजारच्या खाटेवरच्या को बाईला पट्टी आणि स्क्रू. ती बाजारात बदकं विकते, तिला हात डोक्यावर न्यायची गरजच काय? आणि मग मला कळलं की आखुनच्या बायकोची मावसबहीण त्याच रुग्णालयात कामाला आहे. माझा हात खाली राहिला तर वर कुणाचा जाईल, ते तूच सांग.

सुइग्योक

*

हुवेई,
१० मे

दादा,

तू लिहितोस, 'आखुन चांगला मुलगा आहे, त्याचं ऐक.' मुलगा! पन्नाशीला आलाय तो. आणि तो चांगला आहे हे तुला कुणी सांगितलं? म्हणजे तुमचं दोघांचं बोलणं होतं. मला वाटलंच होतं.

तब्येत बरी आहे. उकाडा सुरू झाला, झोळीखाली घाम येतो. को बाई हॉस्पिटलात भेटली की बदकाची अंडी देते. तिला व्रण दाखवायची भारी हौस, पण तिथे दाखवायला बंदी आहे. तीच गोष्ट सांगते.

परवा हात मोजायचा दिवस होता. आम्हा दोघींनाही खांदे झाकणारे सदरे घालायला लावले. नर्स म्हणाली, "आत ज्या मोजणार आहेत त्यांना तुमचं ऑपरेशन झालं की नाही, ते सांगायचं नाही हं. एक शब्दसुद्धा."

"का? चोरी केलीय का आम्ही?"

"नाही हो मावशी. कळलं तर त्यांचं मन एका बाजूला झुकेल."

आत एक चष्मेवाली बाई होती. दंडाला प्लास्टिकचा कोनमापक लावून म्हणाली, "वर घ्या. जितका जाईल तितका." माझा हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. तिने आकडा लिहिला, चेहरा दगडासारखा. तिचं मन झुकत नाही म्हणे! ज्याच्याकडे लपवायला काही असतं तोच झाकून ठेवतो, दादा. मला उगाच झोळीत टाकलं हे त्यांना माहीत आहे, म्हणून हा सदरा.

व्यायाम दिला आहे. पुढे वाकायचं, हात सैल सोडायचा, हळूहळू गोल फिरवायचा. मग काठीने वर ढकलायचा. आता मला सांग, बाबांचा पाय मोडला होता तेव्हा आईने त्यांना शंभर दिवस बिछान्यावरून हलू दिलं होतं का? आपल्याकडे हाड मोडलं की ते ठेवलेल्या जागी ठेवायचं, हे शेंबड्या पोराला कळतं. आणि हे म्हणतात, लगेच हलवा. हाड सरकलं की झालं, मी कायमची बाद. मी त्यांना सांगते, करते व्यायाम. घरी येते आणि झोळीची गाठ आणखी घट्ट बांधते.

आखुन रोज संध्याकाळी डबा आणतो. जिताड्याचं सूप, आलं आणि तांदळाची दारू घालून. जखम भरायला जिताडा चांगला, हे मलाही माहीत आहे. पण रोज? एवढा ताजा? मी विचारलं, "मासा कुठून आणलास?"

"बाजारातून, ताई."

"कुठल्या बाजारातून?"

"तू पी ना. थंड होतंय."

माझ्या नजरेला नजर दिली नाही त्याने. बाबा म्हणायचे, आखुन बाहुलीच्या तोंडून काहीही बोलेल, स्वतःच्या तोंडून खोटं बोलताना मात्र कान लाल होतात. कान लाल होते. मी सूप न्हाणीमागच्या केळीला ओतते. सध्या खेळ तोच करतो. लोक टाळ्या वाजवतात असं ऐकते. खरं की खोटं ते बघायला मी गेले नाही.

पायऱ्यांचं तू विचारलंस. ओली होती म्हटलं ना!

सुइग्योक

*

हुवेई,
१५ जुलै

दादा,

हे पत्र तू एकट्याने वाच. वहिनीला नंतर दे, तिला सगळं कळायला माझी हरकत नाही. पण आधी तू.

गेल्या महिन्यात पुन्हा मोजणी झाली. हात छातीच्या वर चार बोटंही गेला नाही. को बाई बाहेर बाकावर बसून केस विंचरत होती, त्याच हाताने, मुद्दाम मला दाखवून. मी आत गेले ते भांडायलाच. डॉक्टर योऊने क्ष-किरणाचं चित्र दिव्यावर लावलं.

"मावशी, हाड बघा. इतकं सुरेख जुळलंय की माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे. अडचण हाडाची नाहीच. खांद्याचा सांधा आखडलाय. तुमच्याच गटातल्या एक मावशी चहाच्या मळ्यात पानं खुडायला परत गेल्या. व्यायाम करत होतात ना?"

मी म्हटलं, करत होते. माझे कान लाल झाले असतील.

चार दिवसांनी आखुन खेळाला दुसऱ्या गावी गेला होता. बस डेपोतला म्हातारा थर्माकोलचा खोका घेऊन दारात उभा. "ते न्यायला आले नाहीत, म्हणून मीच आणला. तुमच्या भावाचा मासा. एक दिवसाआड येतो तसाच."

मी दारातच बसले, दादा. खोक्यात बर्फावर दोन जिताडे. एवढे दिवस मी तुझे मासे केळीला पाजत होते. केळीला एवढा मोठा घड आलाय की शेजारी येऊन विचारतात, काय घालता म्हणून.

आखुन आला तेव्हा मी खोका पुढे ठेवला. तो बिचारा दचकलाच. "दादांनीच सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नकोस. माझं नाव ऐकलं तर ती पिणार नाही."

"आणि माझ्या हाताचं त्याला कुणी कळवलं?"

"मी. त्याच दिवशी. मला दुसरं कुणाला सांगावं ते सुचलं नाही."

मग मी ते विचारलं, जे मला मार्चपासून विचारायचं होतं. आता तुलाही सांगते. पायरी ओली नव्हती. भूमीदेवाच्या देवळाचा कारभारी आणि आखुन गाडीच्या कोपऱ्यावर हळू आवाजात बोलत होते. माझ्या मागे काहीतरी शिजतंय असं मला वाटलं. ऐकायला मी पायरीवरून बाहेर झुकले, आणखी झुकले आणि गेले. एक शब्दही ऐकू आला नाही.

"त्या दिवशी कारभाऱ्याशी काय बोलत होतास?"

आखुन बघतच राहिला. "ताई, संडासाची किल्ली मागत होतो. देवळासमोर ओरडून मागू का?"

मी हसले आणि मग रडले. त्याला काय करावं कळेना, त्याने चहा टाकला. त्याच्या बायकोची मावसबहीण, तुला म्हणून सांगते, दातांच्या विभागात आहे. दंडाशी तिचा काडीचा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसने डॉक्टर योऊकडे गेले. म्हटलं, "मला तुमच्या संशोधनातून काढा. मी व्यायाम केला नाही. खोटं बोलले. माझ्या आकड्यामुळे झोळी वाईट ठरेल आणि ती वाईट नाही."

ती रागवेल असं वाटलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली. "काढणार नाही, मावशी. चिठ्ठीत जो गट निघाला त्याच गटात तुम्ही मोजल्या जाणार, व्यायाम केला असो की नसो. उद्या गावोगावी झोळी देऊ तेव्हा ती फक्त शहाण्या माणसांना देणार आहोत का? संशय घेणारी माणसंही त्यात असतीलच."

"म्हणजे मी झोळीतच?"

"झोळीतच. पण खोटं बोललात तेही मी लिहिते. आणि आजपासून खरा व्यायाम करा."

आता करते. पुढे वाकून हात सोडते, गोल फिरवते, मग काठी. फार दुखतं, दादा. आखुन शेजारी उभा राहतो आणि शिव्या खातो. काल हात हनुवटीपर्यंत आला. देवाच्या जन्मदिवसापर्यंत डोक्यावर जाणार नाही, हे मला कळलंय. खूप वाईट वाटलं. अजून वाटतं.

आखुनने पहिला हात व्हायला नकार दिला. मीच तोडगा काढला. सगळ्या पात्रांचे आवाज मी काढणार, पहिल्यासारखेच, आणि माझ्या बाहुल्या वर धरणार तो. मी जे बोलेन ते त्याने करायचं, आणि तो जे करेल त्यावर मी डोळे मिटून बोलायचं. तालमीत दोनदा भांडण झालं. तिसऱ्यांदा लढाईच्या प्रसंगात सेनापती वळला तसाच, बाबांचा वळायचा तसा.

तो संगणक मात्र मला अजून पटलेला नाही. कुणीतरी बसत असेलच मागे.

कालचं सूप मी प्यायले. आलं जास्त होतं. सगळं प्यायले, वाटी वाकडी करून. मासे थांबवू नकोस. आणि पुढच्या वेळी खोका बसने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. देवाच्या जन्मदिवसाला पुढची बाकं पाहुण्यांची असतात. तू पडद्यामागे बस. बाबांचं स्टूल मी पुसून ठेवलंय.

उजव्या हाताने, हनुवटीपर्यंतच्या,
तुझी धाकटी
सुइग्योक