वाळूवर चढवलेलं जहाज

ती. अक्कास,

नमस्कार. तुझी भाची सुखरूप आहे. गुडघे कसे आहेत तुझे?

तिने जहाज बुडवलं असं पेपरात आलंय, त्यावर विश्वास ठेवू नकोस. वादळात मालवाहू जहाजात पाणी शिरलं, तेव्हा ते बुडू नये यासाठी कप्तान म्हणून तिनेच मुद्दाम वाळूवर चढवलं. सगळे खलाशी जिवंत उतरले, सर्वांत शेवटी ही.

काल किनाऱ्यावर फोटो काढणारा एकजण म्हणाला, "बाई कप्तान, मग बुडणारच."

उलट बोलू नये असं शिकवणाऱ्या आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची मनातल्या मनात माफी मागून मी म्हटलं, "अहो शहाणे, बुडालं असतं तर फोटो कशाचा काढला असता?"

आता जहाजाची सरकारी चौकशी होणार, त्या धास्तीने पोर जेवत नव्हती. हे ऐकून हसली आणि भात मागून घेतला.

चौकशीला मीही जाणार. गप्प बसेन असं वचन मात्र दिलेलं नाही.

तुझी,
धाकटी