मामाचा वात

प्रिय चिमे,

तू काचेच्या दाराआड बेशुद्ध आणि मी बाहेर बाकावर. नर्सकडून दोन कोरे कागद मागून घेतलेत. दुपारचे तीन वाजलेत. जावईबापू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला औषध आणायला गेलेत, आणि मला तर काहीच करता येत नाहीये. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय.

परवा मुलगा झाला म्हणून सांगितलं तेव्हा तू काय गोड हसलीस! कालपासून मात्र तुझं रक्त थांबायचं नाव घेत नाही. चार पिशव्या चढवून झाल्या. डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले, गर्भाशय पाहिलं, सगळं जागच्या जागी. बिचाऱ्या चक्रावून गेल्या. चक्रावणारच, खरं त्यांना कुणी सांगितलं होतं?

मामाचा वात आठवतो ना? गुडघा सुजून आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळायचा माझा भाऊ. अगं, वात कसला! हिमोफिलिया होता त्याला. रक्त गोठवणारा नऊ नंबरचा फॅक्टर त्याच्या अंगात नव्हताच. त्या फॅक्टरचीच पावडर बाटलीतून यायची. त्यात पाणी घालून मी ती तळहातांत हळूहळू फिरवायची. जोरात हलवायची नाही, फेस होतो. पंधरा वर्षं केलं मी ते, आणि तुला सांगायचे, वाताचं इंजेक्शन आहे. हा आजार बायकांकडून पोरांकडे जातो, कधी बायकांनाही भोवतो. बाहेर कळलं तर पोरीचं लग्न जमायचं नाही, म्हणून तुझ्या आजीनं मला शपथ घातली होती.

नाव नोंदवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलंच होतं, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का म्हणून. छे, मामाला तेवढा वात होता, असं तूच ठसक्यात सांगितलंस. समोर विहीणबाई बसलेल्या. मी पर्सची चेन उघडत राहिले, लावत राहिले.

आज सकाळी अखेर तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत गं, सरळ फोनकडे वळल्या. मग धावपळ. तुझं रक्त तपासणीला गेलं, पण इथल्या औषधांत आठ नंबरचा फॅक्टर आहे, नऊ नाही. आठ तुला उपयोगाचा नाही. मी वेड्यासारखी त्यांना विचारत होते, दोन आठ देऊन चालेल का.

आता जे लिहिणार आहे ते तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून तर हा कागद. सगळे म्हणतील, आईनं लेकीसाठी लाज सोडली. खोटं आहे ते. तुझ्या चारही पिशव्या मी गप्प राहून मोजल्या. आपोआप थांबेल, झाकली मूठ राहील, असं मनाशी म्हणत. सकाळी तपासणीसाठी बाळाच्या टाचेला सुई टोचली. नर्सनं कापूस बदलला, पुन्हा बदलला, तिसऱ्यांदा बदलायला घेतला, तेव्हा मी किंचाळले. त्याच्यासाठी बोलले मी, चिमे. तुझ्यासाठी नाही बोलले. माफी मागायचं तोंड नाही मला. पण शुद्धीवर ये, आणि हवं तेवढं बोल मला.

तुझीच,
आई