अभनपूरला सोडलेला उंदीर

चौबे कॉलनी, रायपूर
रविवार, ८ डिसेंबर २००२

आदरणीय मारोतराव भाऊजी व सौ. शांताताई यांना धर्मपालचा सविनय जयभीम.

आपला खोकला आणि ताईचे गुडघे या दोन्हींची चौकशी खरं तर वेगवेगळ्या परिच्छेदांत करायला हवी. पण आज विषय गंभीर असल्यामुळे एकाच वाक्यात उरकतो, राग नसावा. आम्ही इकडे ठीक आहोत. 'ठीक' या शब्दाबद्दल पुढे सविस्तर लिहिलंच आहे.

प्रथम तक्रार. भाऊजी, मायानं ताईला फोनवर उंदराचं सांगितलं आणि आपण थेट पोस्टकार्ड लिहिलंत. "घरातल्या उंदराचं काय झालं?" हे ठळक अक्षरांत, खाली रेघ ओढून, उघड्या कार्डावर. आमचे पोस्टमन भैय्यालाल हे वाचनाचे शौकीन गृहस्थ आहेत. माझ्या हाती पडण्याआधी ते कार्ड तळमजल्यावर, जिन्यात आणि समोरच्या किराणा दुकानात वाचून झालं होतं. देताना त्यांनी "सर, चूहा मिला क्या?" असं हळहळून विचारलं आणि आपल्या गावाकडचा एक उपाय सांगितला, त्याला लाल मिरची, गूळ आणि अमावास्या लागते. बावीस वर्षं मी या शहरात संस्कृत शिकवतो आहे. (शाळेत नवा माणूस आला की 'संस्कृतवाले सर कहाँ मिलेंगे' हे अजूनही मलाच विचारतो. मी त्याला खुर्ची देतो आणि थोडं थांबायला सांगतो.) एवढ्या तपानं मिळवलेली प्रतिष्ठा एका कार्डात गेली. यापुढे उंदराबद्दल लिहिणं झालं तर कृपया बंद पाकिटात लिहावं.

कार्डाच्या उरलेल्या कोपऱ्यात आपण बारीक अक्षरात दुसरा प्रश्न विचारलात. पुलगावच्या घराला गिऱ्हाईक पक्कं झालं आहे, तर कागदांवर बाबांची सही घ्यायला कधी येऊ? उंदीर आधी, घर नंतर, हा क्रम एखाद्या निवृत्त तलाठ्यालाच सुचू शकतो. मीही त्याच क्रमानं उत्तर देतो, कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशिवाय दुसऱ्याचं उत्तर मला देता येत नाही, असं गेले चार दिवस दिसून राहिलं आहे.

आई गेल्यावर मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी बाबांना इकडे आणलं, ते आपल्यासमोरच. तीस वर्षं रेल्वेत की-मॅन म्हणून रोज सहा किलोमीटर रूळ पायी तपासणारा माणूस. इथं बैठकीच्या भिंतीपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत एकोणीस पावलं होतात. ती ते सकाळी चालतात आणि संध्याकाळी चालतात. सात वाजता बुद्धवंदना, पंचशील, तेही खणखणीत आवाजात. त्यानंतर दिवसभर जवळजवळ काही नाही. आमची दीक्षा कॉलेजातून आल्यावर "दादाजी, खाना खाया?" विचारते. ते "हव" म्हणतात. (छत्तीसगडीतला तेवढा एक शब्द त्यांनी घेतला, कारण तो आपल्या वऱ्हाडीतही आहे.) माया त्यांच्यासाठी गोल बाजारातून ज्वारी शोधून आणते, भाताच्या मुलखात भाकर थापते, आणि वर्षभर त्या एका भाकरीतली अर्धी परत यायची.

मग दिवाळीच्या सुमारास बाबांनी दुसरी भाकर मागितली. त्या दुपारी मायानं ताईला फोन करून ही बातमी दिली आणि ताईनं तिकडे पेढे वाटले, असं कळलं. ते पेढे उंदराच्या नावानं वाटले गेले, हे आता सांगायला हरकत नाही. दुसरी भाकर त्याची होती.

हे कळलं कसं, तर माया एकदा दुपारी झाडू घेऊन बाबांच्या खोलीत गेली. बाबा खाटेवर पाय सोडून बसलेले, हातात भाकरीचा तुकडा, आणि डावा कान फाटलेला, अर्ध्या शेपटीचा एक उंदीर त्यांच्या पायाच्या पंजावर बसून जेवतो आहे. स्टेशनाकडून भोंगा ऐकू आला तशी बाबा त्याला म्हणाले, "मालगाडी होय. आज लेट हाय." उंदरानं ते ऐकून घेतलं. माया दारातूनच परत आली आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आपल्याशी तं एवढं कधी बोलले नाई."

त्याच संध्याकाळी आमच्या घरात वाद झाला. पूर्वपक्ष असा, की हा प्राणी दीक्षाची प्रॅक्टिकलची वही खातो, माझ्या शब्दकोशाची 'प' पासून 'य' पर्यंतची पानं त्यानं पचवली आहेत, आणि उद्या बाबांना चावला तर या वयात दवाखाना कोण करणार. उत्तरपक्ष कोणी मांडलाच नाही. शेजारच्या पूर्णिमा दीदींनी विषाची वडी आणून दिली. (रायपूर राजधानी झाल्यापासून भोपाळहून फायली आल्या, फायलींबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर सामान आलं, आणि सामानाबरोबर काय काय उतरलं याची नोंद कुठल्याच शासकीय आदेशात नाही. दीदींचे यजमान अशाच एका फायलीबरोबर आलेत.) पण ज्या घरात सकाळी सातला प्राणिहत्या न करण्याचं शील घेतात, त्याच घरात दुपारी विषाची वडी ठेवायची, हे काही जमेना. मायानं निकाल दिला: "मारायचा नाई. पन माह्या घरात ठेवायचाबी नाई." म्हणून मी जाळीचा पिंजरा आणला. सगळं दयाबुद्धीनं करायचं ठरलं. बाबांच्या भल्यासाठीच करतो आहोत, असं आम्ही एकमेकांना दोनदा सांगितलं. बाबांना तेवढं सांगितलं नाही.

गेल्या रविवारी, बाबा आंघोळीला गेले असताना, तो कांद्याच्या भज्यावर सापडला. उंदीर पाच किलोमीटरवरून घरी परत येतो, असं दीदींचं म्हणणं (हे त्यांना कोणत्या उंदरानं सांगितलं, देव जाणे), म्हणून मी सुरक्षित अंतर म्हणून पंचवीस-तीस किलोमीटरवरचं अभनपूर निवडलं. पिंजऱ्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळालेली शाल टाकली, तो स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि निघालो. पेट्रोल पंपावर एका बाईंनी शालीला हात लावून नमस्कार केला. त्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. अभनपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बियारा होता, म्हणजे आपलं खळं. धानाच्या गंज्या, जवळ तळं, मांजराचा मागमूस नाही. उंदरासाठी यापेक्षा चांगली जागा मलाही सुचली नसती. मी दार उघडलं. तो बाहेर येईना. उरलेलं भजं बाहेर ठेवलं, तरी येईना. शेवटी पिंजरा तिरपा करून मला त्याला बाहेर पाडावं लागलं. परत येताना मात्र मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. धान सांगितलं, तळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तिथं त्याले वळखते कोन?"

दुसरी भाकर त्या दिवशीच बंद झाली. सोमवारपासून पहिलीतलीही अर्धी परत येऊ लागली, बुधवारी सगळीच आली. गुरुवारी सकाळी बघतो तर बाबा कॅनव्हासचे बूट घालून, रिकामा पिंजरा हातात घेऊन दारात उभे. "चाल," म्हणाले. मी शाळेत रजेचा निरोप पाठवला. (कारण 'कौटुंबिक' लिहिलं. त्याहून योग्य शब्द संस्कृतातही नाही.) स्कूटरवर बसायला ते तयार नव्हते, म्हणून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं गेलो. भाऊजी, काय सांगू, तो माणूस त्या गाडीत बोलायला लागला! खिडकीतून कान बाहेर काढून रुळाचा आवाज ऐकत होता आणि मला सांगत होता, इथं चावी ढिल्ली हाय, इथं गिट्टी कमी हाय, इथं कोनी पाहूनच नाई राह्यलं. समोर बसलेले प्रवासी हळूहळू पाय वर घेऊन बसले.

बियाऱ्यात एक बाई धान उफणत होत्या. पिंजरा घेऊन वाकून वाकून फिरणारे दोन पुरुष पाहून त्यांनी विचारलं, "का खोजत हव, बबा?" मी कीटकशास्त्राबद्दल काहीतरी सांगणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "चुहा." त्या बाईंना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मुसुवा? कतका चाही? बियारा भर हे, जतका चाही ततका ले जाव." (म्हणजे खळंभर आहेत, हवे तेवढे न्या.) बाबा म्हणाले, "आमचाच पायजे."

आमचा सापडला नाही. दोन तास शोधला. शेवटी त्या बाईंनी बाबांना बसायला पोतं दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, कहाँ के हव? भाऊजी, बाबांनी रायपूर म्हटलं नाही. "पुलगाव," म्हणाले. बाईंनी ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं, तेव्हा बाबांनी त्यांना पुलगाव सांगितलं. वर्धा नदीचा पूल सांगितला, मागच्या दारातून दिसणारी मेन लाइन सांगितली, आईनं लावलेला कढीपत्ता सांगितला, दारासमोरून सकाळी कोण कोण जातं आणि काय म्हणून हाक मारतं ते सांगितलं. अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. बाई सूप थांबवून ऐकत होत्या. मी बाजूला पिंजरा घेऊन उभा होतो. चौदा महिन्यांत यातलं एक वाक्य त्यांनी मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

तर उंदराचं असं झालं. सहीबद्दल म्हणाल तर अडचण काही नाही. बाबा सही करतील. मी कागदावर जिथं बोट ठेवतो तिथं ते सही करतात, वाचतसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक चांगलं आहे, कागद आपल्यासारख्या जाणकारानं पाहिलेले आहेत, आणि बंद घराला वाळवी लागते हे आपलं म्हणणं मला मान्य आहे. बावीस तारखेला रविवार आहे, तेव्हा यावं. ताईलाही आणावं. माया दोघांनाही नमस्कार सांगते आहे.

आपला,
धर्मपाल

ता.क. १ : पिंजरा काल पूर्णिमा दीदी घेऊन गेल्या. त्यांच्याकडेही एक सापडला आणि आमची दयाबुद्धी पाहून त्यांनीही तो मारला नाही. आमच्या जिन्याखाली सोडला.

ता.क. २ : बावीसला या, पण कागद आणू नका. गिऱ्हाईकाला संक्रांतीपर्यंत थांबवा. ते नाही थांबलं तर जाऊ द्या. मागच्या वर्षी घराला कुलूप लावताना मी बाबांना 'येता का' असं विचारलं नव्हतं, नुसतं 'चला' म्हटलं होतं. ते नाही म्हणाले नाहीत, याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. आता विचारायची मला भीती वाटते. 'पुलगावले जातो' म्हणाले तर त्या घरात एकटे कसे राहतील, ही भीती आहेच. पण माझं मन राखायला ते 'इथंच बरं हाय' म्हणतील आणि मी ते लगेच खरं मानून मोकळा होईन, ही भीती जास्त आहे. तुम्ही जावई आहात, तुमच्याशी ते खोटं बोलणार नाहीत. तुम्ही विचारा. मी तेव्हा खाली जाऊन उभा राहीन.