कोपरापर्यंत सोनं

चिकगू,

तुमच्या मुलखात शिकवणाऱ्या बाईंना असंच म्हणतात, आणि इथे अमेरिकेत तुम्हाला तशी हाक मारणारी मी एकटीच होते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही आधी लाल पेन शोधलं असतंत.

न्यू जर्सीत पिस्कॅटवेला शिकायला आले तेव्हा 'कुठली?' असं कुणी विचारलं की मी 'इंडिया' म्हणायचे आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं. तुमचं झालं नाही. 'जिल्हा?' तुम्ही विचारलंत. मी यवतमाळ म्हटलं, तर तुम्ही अशी मान डोलावलीत की जणू तिथे तुमची मावशी राहते. तुम्हीही स्वतःला कधी मलेशियाच्या म्हणवलं नाहीत, केलांतनच्याच म्हणवलंत. क्वालालंपूरची माणसं तुमच्या बोलण्याला हसायची, जशी पुण्यात माझ्या वऱ्हाडीला हसत. तुमच्या वर्गासाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या इंग्रजी कथेत आई पाहुण्याला 'करी' वाढते. तुमच्या स्वयंपाकघरात आपण जेवायला बसलोय, आणि भात वाढता वाढता तुम्ही थांबता. 'तुझी आई करी म्हणते?' 'नाही, झुणका.' 'मग ही कुणाची आई आहे?' मला राग आला होता. तुम्ही माझ्या भातावर बुडू ओतलंत, खारवून मुरवलेल्या माशांचं ते तुमचं काळं पाणी, आणि त्या वासापुढे राग काही टिकला नाही.

तुम्ही लिहिलेली सगळ्यात चांगली कथा तुमच्या आईचीच, बाजारात हेच बुडू विकणाऱ्या बाईची. केलांतनच्या बाजारात धंदा बायकांचा, आणि कमाई अंगावर घालूनच त्या मालाच्या ढिगात बसतात. तुमची आई कोपरापर्यंत सोनं घालून बसायची. कथेत मुलगी अमेरिकेला निघते, तरी आई गिऱ्हाईक सोडून उठत नाही.

गेल्या वर्षी तुमच्या लेकीने तुमच्या कथा पुन्हा छापायच्या ठरवल्या आणि मला मदतीला घेतलं. संपादकबाई भल्या होत्या, हेच वाईट. त्यांचं म्हणणं, मासळीवाल्या गरीब बाईच्या अंगावर एवढं सोनं कुठून आलं, वाचक अडखळेल. मी म्हटलं, ती गरीब नाहीच. त्या म्हणाल्या, मग या कथेत दुःख काय आहे? मी जीव तोडून समजावत राहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. सोनं गेलं. बुडूचं फिश सॉस झालं आणि केलांतनचं 'मलेशियातलं एक खेडं'. तुमची लेक म्हणाली, "आंटी, आय नो. पण मॉमला कुणी वाचलंच नाही तर?" घरी नवरा म्हणाला, "अगं, पुस्तक निघतंय ना यार. लेट इट गो." माझी मुलगी तर 'कुठली?' असं कुणी विचारलं की 'न्यू जर्सी' सांगते, आणि तिचं काही चुकत नाही.

परवा पुस्तक आलं. तुम्ही लिहिलेल्या कथेत तुमची आई तोऱ्यात बसून राहिली होती. या पुस्तकातल्या बाईला बिचारीला गिऱ्हाईक सोडून उठणं परवडत नाही. लोकांना ही कथा फार आवडतेय.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचा पत्ता असता तरी धीर झाला नसता. कारण परवा ते पान वाचताना मी रडले, चिकगू, आणि तुमच्या आईसाठी नाही, त्या गरीब बाईसाठी रडले.